वाड्याच्या उंबरठ्याशी बाबागाडी

तान्ह्या मुलाला घेऊन एखादा जुना वाडा, राजवाडा किंवा थोर माणसाचं घर पाहायला निघालेल्या जोडप्याला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘त्याला काय कळणार आहे?’ बोलणारं माणूस बहुधा मायेचंच असतं. कधी घरातली आजी, कधी शेजारच्या काकू, कधी दारावरचा रखवालदार. वाक्य इतकं रास्त वाटतं की त्याला कुणी उत्तर देत नाही. मला ते द्यायचं आहे. माझं म्हणणं असं की, ऐतिहासिक घरात आलेल्या बाबागाडीकडे पालकांची हौस किंवा व्यवस्थापनाची अडचण म्हणून पाहणारा माणूस त्या घरालाच ओळखत नाही. ही घरं तान्ह्या मुलांसाठी बांधली गेली, त्यांच्याभोवती चालली आणि काही वेळा त्यांच्या नावावर राज्यंही चालली. तेव्हा गाडीतलं मूल आत जाऊ शकतं का, त्याला आणणारी बाई आत टिकू शकते का, आणि आत गेल्यावर मुलांच्या वावराचा काही मागमूस तिथे सापडतो का, या प्रश्नांवरूनच कळतं की आपण तिथे घर जपलं आहे की नुसत्या भिंती.

१. दोन मतं, दोन्ही अपुरी

पहिलं मत वर आलंच आहे: मुलाला कळत नाही, म्हणून नेण्यात अर्थ नाही. दुसरं मत अलीकडचं आणि ऐकायला गोड आहे. मुलाच्या मेंदूवर पहिल्या वर्षात संस्कार होतात, म्हणून त्याला लवकरात लवकर ‘वारसा’ दाखवावा, असं ते सांगतं. उत्साही पालक ते पटकन उचलतात. वरवर ही मतं एकमेकांच्या विरोधात आहेत. पण दोन्ही मतं भेटीचं मोल एकाच मापाने मोजतात: मुलाच्या पदरात काय पडलं? आणि सहा महिन्यांच्या मुलाच्या पदरात वाड्याच्या इतिहासातलं काहीही पडत नाही, हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही. त्याला कडीपाटाच्या छतावरचं ऊन दिसेल, पारव्यांची घूं-घूं ऐकू येईल, भूक लागली की ते रडेल. तेवढं ते बागेतही करतं.

चूक मापाची आहे. देवळात मूल नेताना ‘त्याला काय कळणार’ असं आपण कधी म्हणत नाही. लग्नात, जत्रेत, वारीच्या वाटेवर तान्ही मुलं असतातच. तिथे ती शिकायला आलेली नसतात. ती माणसांबरोबर आलेली असतात, आणि तो प्रसंग सगळ्यांचा आहे हे आपण गृहीत धरतो. इतिहासाच्या जागी मात्र आपण अचानक शाळामास्तर होतो आणि ज्याला कळतं त्यानेच यावं असं ठरवतो. हा नियम मोठ्यांना लावला, तर शनिवारवाड्याच्या हिरवळीवर दुपारी किती माणसं उरतील?

२. पाळण्यातला पेशवा

शनिवारवाड्याचंच उदाहरण घेऊ. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला नारायणरावाच्या खुनाची गोष्ट ऐकवली जाते. ३० ऑगस्ट १७७३ चा तो दिवस, गारद्यांचा हल्ला, काकांना मारलेली हाक. पण खुनानंतर मराठी राज्याचं पुढचं सगळं राजकारण कशावर फिरलं? एका विधवेच्या गरोदरपणावर. नारायणरावाची पत्नी गंगाबाई तेव्हा पोटुशी होती. बारभाई म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन जपलं, कारण मुलगा झाला तर त्याच काकांचा, राघोबादादांचा, पेशवाईवरचा दावा लंगडा पडणार होता. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि अवघ्या चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके यांच्यासारखी मुरब्बी माणसं कैक वर्षं ज्या सत्तेच्या नावाने फौजा हलवत होती, ती सत्ता आधी पाळण्यात होती आणि मग रांगत होती. पुढे त्याच शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं या बाल पेशव्याच्या करमणुकीसाठी बांधलं, असं सांगतात. सोळा पाकळ्यांच्या कमळाचं ते कारंजं आज कोरडं असतं आणि त्याच्याभोवती उभं राहून माणसं फोटो काढतात. एका पोराला पाण्याचा खेळ दाखवण्यासाठी एवढा घाट घातला होता, ही गोष्ट खुनाच्या गोष्टीपेक्षा त्या जागेविषयी मला अधिक काही सांगते.

शिवनेरीवर तर आपण पाळण्यालाच नमस्कार करतो. दर १९ फेब्रुवारीला शिवजन्मस्थानात पाळणा हलतो, पाळणागीतं म्हटली जातात. गडाचे सात दरवाजे ओलांडून माणसं त्या पाळण्यापाशी डोकं टेकतात. ती भक्ती खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. पण ज्या समाजाला आपल्या इतिहासाच्या मुळाशी बाळंतीण आणि पाळणा दिसतो, त्याच समाजाने जिवंत बाळंतिणीला ‘तू दोन वर्षांनी ये’ म्हणावं, हे मला विसंगत वाटतं.

३. गंज पेठेतलं घर

या मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा पुण्यातच गंज पेठेत आहे. महात्मा फुल्यांचा वाडा आपण ओळखतो तो सत्यशोधक चळवळीसाठी, शाळांसाठी, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या हौदासाठी. अंगणात जोतीरावांची समाधी आहे. लोक तिच्यापुढे उभे राहतात आणि ग्रंथांची, भाषणांची आठवण काढतात. पण १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. वाकडं पाऊल पडलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं हे आपलं आपण ठरवावं. त्यासाठी शहरात जाहिराती लावल्या होत्या. पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्याचं खुद्द फुल्यांनी १८८४ साली लिहून ठेवलं. पोटात असतानाच औषधं घालून पाडायचे प्रयत्न झालेले असत, त्यामुळे त्यांतली बहुतेक मुलं जगली नाहीत. जगलेल्यांपैकी एकाला, काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी पोचवत होत्या. प्लेग झालेलं एक मूल पाठीवर घेऊन त्या चालत गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

या घराचा इतिहास आता तान्ह्या मुलांना वगळून सांगून पाहा. सांगता येत नाही. त्या काळच्या पुण्यात ‘बाटलेल्या’ बाळंतिणीला आणि तिच्या रडणाऱ्या मुलाला दार उघडणं हीच तिथली क्रांती होती. तिथे विचार रात्री-अपरात्री पाणी तापवून, बाळाला गुंडाळून, सुईण बोलावून सिद्ध झाला. रडणाऱ्या पोराला घेऊन कुणी आज त्या अंगणात उभं राहिलं, तर त्या रडण्याने तिथल्या गांभीर्याला धक्का लागतो असं कुणी म्हणूच नये. ते रडणं त्या घराला अनोळखी नाही.

४. गाडी कुठून आली, हात कुठे गेले

आता बाबागाडीकडे वळू, कारण अनेकांचा राग मुलावर नसतो, गाडीवर असतो. ‘मूल आणा, पण कडेवर घ्या. आमच्या आया-आज्या काय गाड्या ढकलत होत्या?’ या वाक्यात एक मोठा इतिहास दडलेला आहे.

गाडी जन्मली तीच एका ऐतिहासिक घरासाठी. १७३३ मध्ये विल्यम केंट या इंग्रज वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली. बकरी किंवा छोटं तट्टू ती ओढेल अशी सोय होती. माणसाने ढकलायच्या गाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आल्या आणि खूप दिवस त्या श्रीमंतांच्याच राहिल्या, कारण ढकलायला दाई लागे. गाडी खऱ्या अर्थाने आईच्या हाती आली ती १९६५ नंतर. विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या निवृत्त अभियंत्याने ॲल्युमिनियमची हलकी, घडी घालता येणारी गाडी काढली. एका हाताने मूल, दुसऱ्या हाताने गाडी, आणि बसमध्ये चढणं जमू लागलं. या प्रवासाची दिशा स्पष्ट आहे. ज्या घरात मूल सांभाळायला नोकर असतात तिथली वस्तू सरकत सरकत, जिच्या हाताखाली कुणी नाही अशा बाईपर्यंत आली.

आणि आपल्याकडे गाडी का नव्हती? आपल्याकडे हात होते. वाड्यात चुलत्या होत्या, आत्या होत्या, लहान वयात विधवा होऊन आयुष्यभर माजघरात राबलेल्या बायका होत्या. पेशवाईतल्या मोठ्या घरांत विकत घेतलेल्या कुणबिणी होत्या. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाई. त्या कडा कुणाच्या होत्या, त्यांना दुसरं काही करायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही. ‘कडेवर घ्या’ हे वाक्य त्या अदृश्य हातांवर उभं आहे. आजच्या दोन खोल्यांच्या घरातून मूल आणि पिशवी घेऊन एकटीच बाहेर पडलेली मुलगी ते हात आणणार कुठून? म्हणून बाबागाडी वाड्याच्या दाराशी आली की मला ती परकी वस्तू वाटत नाही. वाड्यातून कोण नाहीसं झालं, याची ती खूण आहे. जुन्या हातांचं नाहीसं होणं पुष्कळ अंशी न्यायाचंच होतं, हेही म्हटलं पाहिजे.

५. उंबरठा वाचायला शिकणं

वाड्याच्या दिंडी दरवाज्याशी गाडी आली की काय होतं ते मी बारकाईने पाहिलं आहे. आई आधी थांबते. मूठ खाली दाबून पुढची चाकं उचलते आणि उंबरठ्याच्या लाकडावर टेकवते. वीतभर उंचीचा तो सागवानी उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला असतो. मागची चाकं अडतात. मग ती वाकून, पोटावरचा ताण सोसत गाडी उचलते, दिंडीच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी करते, आणि आत देवडीच्या फरशीवर आल्यावर पहिल्यांदा वर बघते. चालत आलेला माणूस ते दार दोन सेकंदांत ओलांडतो आणि त्याला काही जाणवत नाही. तिला जाणवतं, की दिंडी मुद्दामच ठेंगणी केलेली आहे, आत येणाऱ्याला वाकायला लावण्यासाठी. उंबरठा मुद्दामच उंच आहे, पाण्यासाठी, विंचू-सापासाठी, आणि आत-बाहेरचा भेद ठसवण्यासाठी. चौकातून ओसरीवर चढताना तिला पुन्हा थांबावं लागतं, ओसरीतून माजघरात जाताना पुन्हा. घराची उतरंड पायऱ्यांच्या भाषेत लिहिलेली आहे आणि चाकं ती अक्षर-अक्षर वाचतात. बाहेरचा माणूस चौकापर्यंत, कामाचा माणूस ओसरीपर्यंत, घरचा माजघरापर्यंत, आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत फक्त बायका.

ती खोलीच नेमकी आज दाखवली जात नाही. दिवाणखाना दाखवतात, सुरूदार खांब दाखवतात, झुंबरं दाखवतात. बाळंतिणीच्या खोलीत पुष्कळदा जुन्या खुर्च्या आणि झाडू ठेवलेले असतात. गोव्यात चांदरच्या ब्रागांझा घरासारख्या ठिकाणी, जिथे अजून कुटुंब राहतं, तिथे घर सांगणारं माणूस घरातलंच असतं आणि पिढ्यांच्या गोष्टी आपोआप येतात. सरकारी किंवा विश्वस्तांच्या ताब्यातल्या घरांत ते सांगणं कुणावर तरी सोपवावं लागतं आणि सोपवलं जातं ते दरबाराचं. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा मला याबाबतीत आधार वाटतो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी अशा घरगुती वस्तूंना संग्रहालयात मानाने बसवलं, आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. घराच्या इतिहासात मूल कुठे बसतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

६. आक्षेपांना उत्तरं

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप जपणुकीचा. अरुंद वाटा, नाजूक सामान, जुनी जमीन. चाकांनी ओरखडे येतील, गर्दीत धक्का लागेल, आग लागली तर वाट अडेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टची बरीच घरं याच कारणाने गाडी बाहेर ठेवायला सांगतात. पण तिथे त्याबरोबर मूल अंगाला बांधायची झोळी उसनी मिळण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, गाडी ठेवायला छप्पर असतं. मनाईबरोबर पर्याय दिला की तो नियम होतो. पर्यायाविना मनाई म्हणजे हाकलून लावणं. शिवाय जमिनीचा विचार करायचा तर रबरी चाकांवर पसरलेल्या भारापेक्षा टोकदार टाचेचा बूट लाकडाला कितीतरी अधिक दुखवतो. आपल्याकडे गाडी अडवली जाते त्याच दारातून टाचांचे बूट आत जातात. खरंच जपायचं असेल तर चाकं पुसायला फडकं ठेवा, टाचा थांबवा, एका वेळी आत सोडायची माणसं मोजा. वरच्या मजल्यावर गाडी नेऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. सव्वा फूट रुंद, दोरीला धरून चढायच्या जिन्यावर तो हट्ट कुणी करूही नये.

दुसरा आक्षेप: गाडी ही सुखवस्तूंची चैन. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी बाई मुलाला झोळीत टांगते. तिच्यापुढे बाबागाडीचं कौतुक कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याने माझं म्हणणं अधिकच ठाम होतं. झोळीवाली बाई वाडा बघायला आली तर तिलाही बसायला सावली, अंगावर पाजायला आडोसा, पाणी, लंगोट बदलायला जागा याच गोष्टी लागतील. शिवाय गाडीसाठी केलेला उतार चाकाच्या खुर्चीला चालतो, काठी टेकत येणाऱ्या आजोबांना चालतो. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, असं बंधन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घातलंच आहे. बाबागाडी त्या रांगेत उभी आहे, रांग मोडून पुढे आलेली नाही.

तिसरा: शांततेचा भंग होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत ॲझ्टेक प्रदर्शन भरलं होतं. एका मूर्तीकडे बोट दाखवून पत्रकार डिया बर्केट यांचा छोटा मुलगा ‘राक्षस’ म्हणून ओरडला आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं गेलं. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलं आणि त्यातून ‘किड्स इन म्युझियम्स’ ही चळवळ उभी राहिली. त्या पोराने मूर्ती बरोबर पाहिली होती, असं मला वाटतं. आपल्या घरांबद्दल तर शांततेचा युक्तिवाद आणखी कमजोर आहे. चौसोपी वाडा कधी शांत होता? विहिरीचा रहाट, मुसळाचा आवाज, पोरांचा कालवा यांतच तो जगला. आजची शांतता ही ओस पडल्याची शांतता आहे. तिला पावित्र्य समजण्याचं कारण नाही.

चौथा, ‘दोन वर्षं थांबा’, हा सर्वांत साळसूद आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाचा. दोन वर्षं कोण थांबतं? बाप बहुधा थांबत नाही. मूल झाल्यावर बाई नाटकाला, ग्रंथालयाला, व्याख्यानाला जायची थांबते. दुसरं मूल झालं तर थांबणं लांबतं. मग इतिहासाचं सांगणं ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्याकडून होतं, त्यांत तान्ह्या मुलांच्या आया नसतातच, आणि बाळंतिणीच्या खोलीत झाडू का ठेवले आहेत, हे विचारायलाही कुणी उरत नाही. रायगडच्या हिरकणीची कथा आपण कड्यावरून उतरलेल्या आईच्या शौर्याची म्हणून सांगतो. तिच्यावर ती वेळ आली ती दरवाजे बंद करण्याच्या नियमामुळे. नियम करताना घरी तान्हं असलेली बाई कुणाच्या मनातच आली नव्हती. आज बसस्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो, हे फार चांगलं झालं. पण किल्ल्यांवर आणि वाड्यांत असे कक्ष किती आहेत?

७. करण्यासारखं

खर्चाची बाब यात फार थोडी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे तत्त्वतः मूल आत यावं, हे आपण कधीच मान्य केलं आहे. पुढचं पाऊल उचलायचं राहिलं. देवडीत गाडी ठेवायला साखळी-कुलूप आणि चार झोळ्या. मुख्य उंबरठ्यावर ठेवता-काढता येणारी लाकडी फळी, जी मूळ लाकडाला खिळे न ठोकता बसते. चौकात एक बाक, एक आडोसा. वरचा मजला ज्यांना गाठता येत नाही त्यांच्यासाठी तळमजल्याचं सांगणं अपुरं न ठेवता पूर्ण करणं. वाड्याचं खरं आयुष्य तळमजल्यावर, माजघरात आणि परसात गेलं असल्याने ते अवघडही नाही.

आणि माहिती देणाऱ्या माणसाला काही प्रश्नांची उत्तरं यायला हवीत. इथे मुलं कुठे जन्मली? किती जगली? त्यांना दूध कुणी पाजलं? रात्री ती कुणाजवळ निजायची? कागदपत्रांत, जमाखर्चात, दाया आणि कुणबिणींच्या नोंदींत या उत्तरांचे तुकडे सापडतात आणि ते शोधणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत. गंज पेठेतल्या वाड्यापासून सुरुवात करावी. १८६३ ते १८८४ या काळात तिथे जन्मलेल्या मुलांसाठी एक खोली, एक भिंत, निदान एक मोठा फलक हवा. तो बसलेल्या माणसाच्या आणि गाडी धरून उभ्या असलेल्या आईच्या नजरेच्या उंचीवर लावावा, आणि तिथवर जाणारी वाट चाकांना अडवणारी नसावी.